शिर्डीत जेवायचे कुठे?

शिर्डीला जाऊन आलेल्या माणसाला दर्शन कसे झाले असे विचारा. रांग किती होती, कोणती आरती मिळाली, सारे तो उत्साहाने सांगेल. मग सहज विचारा, "आणि जेवलात कुठं हो?" पुष्कळांचा चेहरा इथे जरा उतरतो. कुणी म्हणतो, भूक लागली होती म्हणून खाल्ले. कुणी बिलाचा आकडा सांगतो. पदार्थाचे नाव मात्र क्वचितच कुणाच्या तोंडी येते.

मी याच जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. त्यामुळे आमचे यच्चयावत नातेवाईक शिर्डीला निघाले, की त्यांची वाट माझ्या घरावरून जाते. गेल्या वर्षी नागपूरचे मामा-मामी आले. मामा निवृत्त शिक्षक. मामींनी या यात्रेसाठी घरखर्चातून वर्षभर थोडे थोडे पैसे बाजूला ठेवलेले. दर्शन आटोपून बाहेर पडलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, "चला सर, एकदम फॅमिली हॉटेल आहे." आणि मी, या जिल्ह्यात जन्म काढलेला माणूस, निमूटपणे त्याच्यामागून गेलो.

हॉटेलाचे नाव सांगत नाही. थाळीत पनीरच्या दोन भाज्या आल्या, एक लाल आणि एक पिवळी. डोळे मिटून खाल्ल्या असत्या तर कोणती कुठली ते ओळखता आले नसते. फलकावर थाळीचा एक भाव होता. बिलात पापड, ताक आणि आम्ही न मागितलेल्या पाण्याच्या बाटल्या निराळ्या लागल्या. मामींनी पर्स उघडली, आतल्या नोटा मोजल्या आणि काही न बोलता पर्स बंद केली. बिल मी दिले, पण ती पर्स बंद झाल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "काय रे, तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग एवढ्या गर्दीच्या गावात, एवढी हॉटेलं शेजारी शेजारी असताना, चढाओढीनं जेवण चांगलं आणि स्वस्त व्हायला हवं. हे उलटं कसं झालं?"

प्रश्न रास्त होता. चढाओढ काम करते ती गिऱ्हाईक पुन्हा येणार असेल तर. आपल्या गल्लीतल्या वाण्याने एकदा किडके डाळे दिले, तर दुसऱ्या दिवशी आपण समोरच्या दुकानात जातो. ही भीती त्याला सरळ ठेवते. शिर्डीच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलवाल्यापुढे बसलेला माणूस मात्र विजयवाड्याचा असतो, नाहीतर सुरतेचा. त्याला खूश करून पाठवले काय, नाराज करून पाठवले काय, उद्या त्या खुर्चीवर दुसराच कुणी बसणार आहे. १९७० साली जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. त्याचे म्हणणे असे, की माल कसा आहे हे विकणाऱ्यालाच ठाऊक आणि घेणाऱ्याला ते कळायला मार्ग नाही, अशा बाजारात चांगला माल आणणाऱ्याला त्याची किंमतच मिळत नाही आणि हळूहळू तोच बाजारातून उठतो. मोटारींच्या जागी थाळी ठेवून पाहा.

शिर्डीचे असे होत गेले ते टप्प्याटप्प्याने. साईबाबांनी १९१८ साली समाधी घेतली तेव्हा हे एक खेडे होते. १९७७ साली बाबांवरचा हिंदी चित्रपट आला आणि देशभरातून लोटणारी गर्दी वाढली. २००९ साली गावाला स्वतःचे रेल्वे स्टेशन मिळाले, तोवर कोपरगावला उतरावे लागे. २०१७ साली विमानतळ झाला. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. मामा याच रस्त्याने आले. पूर्वी माणूस दोन दिवस मुक्कामाला असे, म्हणजे चार वेळा जेवे. पहिल्या जेवणात फसला तर दुसऱ्याला शहाणा होई. आता सकाळी येऊन रात्री परतणाऱ्याला ती संधीही राहिलेली नाही.

त्यात भर दलालांची. शिर्डीत गाडी थांबवून भाविकाला अमुक दुकानात, तमुक हॉटेलात नेणाऱ्यांना 'पॉलिशवाले' म्हणतात. शनिशिंगणापूरला त्यांचेच भाऊबंद 'लटकू' या नावाने ओळखले जातात. मराठी भाषेला या मंडळींनी दोन झकास शब्द दिले, एवढे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे! पण त्यांचे कमिशन कुणाच्या खिशातून जाते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची गरज नाही. आणि ज्या बाईची चार बाकांची खाणावळ आहे, तिला असे कमिशन परवडत नाही. म्हणून तिच्या दाराशी गाडी थांबत नाही.

संध्याकाळी आमचा ड्रायव्हर चहा पीत उभा होता. मी त्याला विचारले, "दादा, दुपारी तुम्ही कुठं जेवलात?" तो हसला. "तिथंच सर, मागच्या खोलीत. गाडी आणली की आम्हाला जेवण फुकट." मी म्हटले, "आणि स्वतःच्या खिशातून द्यायचे असले तर?" यावर त्याने कप खाली ठेवला. "मग तिथं कशाला जाईन? मग स्टँडाच्या मागं एक मावशी आहेत, त्यांच्याकडं जातो. पिठलं-भाकरी. महिन्याचा हिशेब असतो आमचा."

महिन्याचा हिशेब! मामांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या दोन शब्दांत होते. जिथे गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबाने जेवते, तिथे रोजची परीक्षा असते. मुंबईच्या गिरणगावात शेकडो बायकांनी गिरणी कामगारांच्या खाणावळी चालवल्या, त्या याच तत्त्वावर. पगार झाला की पैसे, आणि आमटी पातळ झाली की दुसऱ्या दिवशी कुरकूर. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले ते याच बायकांसाठी. फ्रान्समध्ये १९३४ साली ट्रकवाल्यांसाठी 'ले रुतिये' निघाले. ट्रकवाल्यांना परवडेल असे नीटस जेवण देणाऱ्या खानावळींवर ते निळ्या-तांबड्या रंगाची पाटी लावू लागले. पुढे मोटारीने हिंडणारे बडे लोकही ती पाटी शोधू लागले. आपल्याकडे पाटी नाही, म्हणून विचारावे लागते. पण 'चांगलं हॉटेल कुठं आहे?' असे विचारू नका. 'तुम्ही स्वतः कुठं जेवता?' असे विचारा. प्रश्न ज्याला विचाराल तो तुम्हाला कुठे नेऊन पोहोचवणारा नसावा, म्हणजे झाले. फुले विकणारी बाई, झाडूवाला, औषधाच्या दुकानातला पोरगा, बँकेतला शिपाई, ही माणसे गावात रोज जेवतात. संस्थानच्या रुग्णालयांच्या आसपासही फिरून पाहा. रुग्णाचे नातेवाईक तिथे आठ-आठ दिवस राहतात, तेव्हा तिथल्या खाणावळीला रोज तेच तोंड दिसते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मावशींकडे गेलो. पत्र्याचे छप्पर, चार बाके, भिंतीवर खडूने लिहिलेले पाच पदार्थ. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. हा आवाज मला फार मोलाचा वाटतो. बाजरीची भाकरी सकाळी करून दुपारी वाढली की वातड होते. ती ताटात यायची तर तव्यावरूनच यावी लागते, तिथे लबाडी चालत नाही. दहा पानांच्या मेनूकार्डाचे रहस्य वेगळे. दोन-तीन मोठ्या पातेल्यांत लाल, पिवळा आणि पांढरा रस्सा तयार असतो. मागणी आली की त्यातच पनीर, मटार, काजू टाकून नाव बदलायचे. त्यात गुन्हा काही नाही, मोठ्या हॉटेलाला दुसरा इलाजही नाही. पण जे साठ पदार्थ देतात त्यांच्याकडे फ्रीज भरलेला असणार, आणि जी बाई पाच देते तिने सकाळी बाजार केलेला असणार, एवढे अनुमान काढायला हरकत नाही.

घट्ट पिठले, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, बुक्कीने फोडलेला कांदा. हुलग्याचे शेंगोळे होते, ते मामींनी दोनदा मागून घेतले. मावशींनी त्यांना "ताई, अजून वाढू का?" असे तीनदा विचारले. तिघांचे मिळून जे झाले ते आदल्या दिवशीच्या एका थाळीपेक्षा कमी होते.

आता थोडे सावधपणाचे. लहान म्हणजे चांगले असे मी म्हणत नाही. कळकट भांडी आणि उघडे पाणी दिसले तर पाठ फिरवा, मग खाणावळ कितीही घरगुती असो. बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. थाळी किती वाट्यांची? पोळी-भाकरी पुन्हा मिळते की मोजून? ताक-पापड त्यातच की वेगळे? बाटली नको असेल तर आधीच 'साधं पाणी द्या' म्हणावे. अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर असायला हवा आणि २०२२ पासून तो बिलावरही छापावा लागतो. बिलात 'सेवा शुल्क' आपोआप जोडता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैमध्येच सांगितले आहे. भांडू नका, शांतपणे बोट ठेवून विचारा. बहुधा तो आकडा निघतो.

आणि प्रसादालय? ते विसरून कसे चालेल! बाबा स्वतः हंडी चढवीत, बाजारातून रोख पैसे देऊन सामान आणीत, मसाला आपल्या हाताने वाटीत, असे श्रीसाईसच्चरितात वर्णन आहे. संस्थानच्या प्रसादालयाचे मूळ तिथे आहे. २००९ साली त्याच्या छतावर ७३ सौर तबकड्या बसवून त्यांच्या वाफेवर अन्न शिजवण्याची सोय झाली. वरण-भात, पोळी, भाजी, काहीतरी गोड. साधे, गरम आणि स्वच्छ. कूपनाचे नियम अधूनमधून बदलतात, ते दर्शनाच्या वेळीच विचारून घ्यावेत. खिसा हलका असेल तर दुसरीकडे जाण्याचे कारणच नाही. फक्त नगरी चव हवी असेल तर ती तिथे शोधू नये, कारण हजारोंच्या पंगतीत सर्व प्रांतांच्या जिभा सांभाळाव्या लागतात.

शिर्डीबाहेर हाच नियम थोड्या फरकाने लागू पडतो. शिर्डीहून नगरच्या बाजूला पाचेक किलोमीटरवर राहाता आहे, तालुक्याचे गाव. तिथे कचेरीच्या कामाला आणि बाजाराला आलेला शेतकरी जेवतो, आणि तो पुढच्या बाजारालाही येणार असतो. गाडी असेल तर जेवायला तिकडे जावे, पेरूच्या दिवसांत येताना पेरूही आणावेत. शिंगणापूरच्या वाटेवर बैलांनी फिरणारे लाकडी चरक दिसतील. तिथे ऊस डोळ्यांदेखत पिळला जातो, त्यामुळे रसात फसण्याची भीती कमी. भंडारदऱ्याकडे मात्र आगाऊ सांगावे लागते. काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, तिकडे मुंबई-पुण्याची झुंबड उडते. अकोले तालुक्यातल्या त्या घरांतून साठा नसतो. आदल्या संध्याकाळी फोन केलात तर तांदळाची किंवा नाचणीची भाकरी आणि परसातला वाल मिळेल. गावरान वाणांसाठी २०२० साली पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. आयत्या वेळी गेलात तर पाकिटातले नूडल्स मिळतील, आणि तो दोष त्या घरचा नव्हे.

राहता राहिली वेळ. शिर्डीत मध्यान्ह आरती बाराला असते. ती संपली की गर्दी एकदम रस्त्यावर येते आणि साडेबारा ते अडीच सगळीकडे घाई असते. मावशींकडच्या भाकऱ्याही दोन-अडीचला संपतात, पीठ त्या बेताचेच मळतात. तेव्हा आरतीला उभे राहणार नसाल तर साडेअकरालाच जेवून घ्या. उभे राहणार असाल तर आधी जाऊन, किती माणसे ते मावशींना सांगून ठेवा. त्या तेवढे पीठ जास्त काढतात.