देशोदेशींची यवसुरा

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या दोन वर्षांपूर्वीं जर्मनींत शिकावयास गेली, तेव्हां ती तेथें नेमकें काय शिकणार हें घरांत कोणीं स्पष्टपणें विचारलें नाहीं. रसायनाची पदवी घेतलेली मुलगी. पुढें रसायनच शिकेल असें सर्वांनीं गृहीत धरलें. परंतु म्यूनिकजवळच्या फ्रायझिंग गांवीं, वाइहेनश्टेफान नांवाच्या टेकडीवर, ती बीअर कशी करावी याचें शास्त्र शिकत आहे असें जेव्हां कळलें, तेव्हां घरांत जी शांतता पसरली ती भांडणापेक्षां वाईट होती. थोरल्या वहिनींनीं आल्यागेल्यापाशीं तिचें नांव काढणें सोडलें. आणि मीं, तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकविलेल्या माणसानें, तिला चार पानी पत्र लिहून सुरापानाची गणना महापातकांत कां केली आहे तें सविस्तर कळविलें.

उत्तर दीड महिन्यानें आलें. त्यांत रागाचा एक शब्द नव्हता. 'तीर्थरूप काकांस सा. न. वि. वि.' हा मायनाहि यथास्थित. खालीं एवढाच प्रश्न कीं, धान्यास मोड आणून त्याची सुरा करण्याची रीत आपल्या ग्रंथांत आहे काय? तेथील प्राध्यापकांनीं विचारलें होतें व तिला सांगतां आलें नव्हतें.

मीं शतपथब्राह्मण काढलें. सौत्रामणी यागाच्या प्रकरणांत सुरेचें साहित्य दिलें आहे: शष्प, तोक्म, लाजा आणि नग्नहु. शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले यव, लाजा म्हणजे लाह्या, आणि नग्नहु हें आंबविण्याचें द्रव्य. हे शब्द मीं कित्येकदां वाचले होते; यवास मोड कशाकरितां आणावयाचे, हा प्रश्न मात्र एकदांहि मनांत आला नव्हता. ज्याचा निषेध चार पानें भरून केला, तें काय असतें व कसें होतें हेंच मला ठाऊक नव्हतें. तेव्हांपासून मिळेल तें वाचीत गेलों; कांहीं तिच्याकडून विचारून घेतलें. प्रस्तुत लेख त्याचें फळ आहे. मीं त्या पेयाचा थेंब आजवर चाखलेला नाहीं व चाखणारहि नाहीं. म्हणून चवीविषयीं येथें जें येईल तें ऐकीव समजावें.

प्रथम मोडाची गोष्ट. सातूच्या दाण्यांत पिष्ट असतें, आणि तें किण्वास, म्हणजे आजच्या भाषेंत यीस्टला, खातां येत नाहीं. दाणा रुजूं लागला कीं तो स्वतःच्याच अन्नासाठीं पिष्टाची साखर करणारीं द्रव्यें निर्माण करतो. मनुष्य तेथेंच त्याला थांबवितो. मोड आलेले दाणे वाळवून, भरडून कोंबट-ऊन पाण्यांत ठेवतो, आणि सर्व पिष्टाचें गोड पाणी होतें. तें हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांसह उकळावयाचें, निववावयाचें व किण्व घालावयाचें. हॉपमुळें कडवटपणा येतो आणि पेय टिकतेंहि. एवढी कृति सर्वत्र एक. मग देशोदेशीं एवढा भेद कोठून आला? माझ्या वाचनावरून मला वाटतें, तो आवडीनिवडीपेक्षां पाण्यानें, थंडीनें आणि राजाज्ञेनें अधिक घडविला.

बव्हेरियाचें उदाहरण घ्या. २३ एप्रिल १५१६ रोजीं इंगोलश्टाट येथें तेथील ड्यूकांनीं आज्ञा काढली कीं, बीअरमध्यें सातू, हॉप आणि पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये. तींत किण्वाचें नांव नाहीं, कारण आंबण्याचें काम एक सजीव करतो हें तेव्हां कोणास माहीत नव्हतें. आज ही आज्ञा शुद्धतेचा आदर्श म्हणून मिरविली जाते. पण गहूं बेकरांच्या भट्टीसाठीं राखावा हाहि तीमागें एक हेतु सांगतात, आणि पुढें गव्हाची बीअर करण्याचा मक्ता खुद्द राजघराण्यानेंच आपल्या हातीं घेतला. शुद्धतेचे नियम करणारे बहुधा स्वतःपुरती एखादी वाट मोकळी ठेवतात. १५५३ मध्यें दुसरी आज्ञा निघाली कीं, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बीअर करूंच नये, कारण उन्हाळ्यांत ती नासे. म्हणून हिंवाळ्यांत केलेलीं पिपें गार तळघरांत, गुहांत साठवून ठेवूं लागले. जर्मन भाषेंत साठवणें या अर्थाचें जें क्रियापद त्यावरून हिला 'लागर' म्हणतात. त्या गारठ्यांत निराळ्याच जातीचें किण्व तगलें. तें हळूहळू, तळाशीं बसून काम करतें. हें किण्व संकरज आहे, आणि त्याचा एक जनक शास्त्रज्ञांना सांपडेना. तो २०११ मध्यें पाटागोनियाच्या रानांतील झाडांवर सांपडला, व पुढें तिबेटांतहि.

बोहेमियांतील पिल्झेन शहराची कथा अधिक रंजक आहे. १८३८ मध्यें तेथील नागरिकांनीं नासक्या बीअरचीं छत्तीस पिपें नगरभवनासमोर ओतून दिलीं, स्वतःचा नवा कारखाना काढला आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नांवाचा कारागीर आणविला. १८४२ मध्यें त्यानें जें पहिलें पीप काढलें त्यांत काळसर पाण्याऐवजीं सोन्याच्या रंगाचें पाणी निघालें. शहराचें पाणी अत्यंत मृदु, माल्ट फिकट, हॉप जवळच्याच झाटेट्स प्रांताचे. आज जगांत जी बीअर सर्वाधिक खपते ती बहुतेक याच पिल्झेनच्या वंशांतली.

याच्या उलट इंग्लंडांतील बर्टन. तेथील विहिरींच्या पाण्यांत जिप्समचा अंश भरपूर. त्या जड पाण्यांत हॉपचा कडूपणा स्वच्छ उठतो म्हणतात. बर्टनचा माल पूर्वीं रशियाकडे जाई. १८२२ मध्यें रशियानें जबर जकात बसविली, तेव्हां त्या कारखानदारांनीं आपल्या देशाकडे, म्हणजे कंपनीच्या साहेबांकडे, मोहरा वळविला. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या गलबतांतून तें कडू पेय मुंबई-कलकत्त्यास उतरे. 'इंडिया पेल एल' हें नांव त्यास त्यामुळेंच पडलें. त्यांत इंडियाचें काय होतें म्हणाल, तर फक्त गिऱ्हाईक, आणि तेंहि गोरें. डब्लिनचें पाणी पुन्हां वेगळें, चुनखडीचें. तें भाजून काळ्या केलेल्या सातूस मानवतें, म्हणून तेथें काळी बीअर.

विद्या चोरणारे व देणारे यांचीहि एक जोडी सांगण्याजोगी आहे. म्यूनिकचा झेडलमायर व व्हिएन्नाचा ड्रेहर हे १८३३ च्या सुमारास ब्रिटनांतील कारखाने पाहावयास गेले, आणि पोकळ काठींत नमुने भरून चोरून आणीत असत, अशी प्रसिद्धि आहे. उलट कोपनहेगन येथें कार्ल्सबेर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल हान्सेन यानें १८८३ मध्यें एकाच पेशीपासून शुद्ध किण्व वाढविण्याची युक्ति साधली, तेव्हां कारखान्याचा मालक याकोबसेन यानें ती लपविली नाहीं. मागेल त्या प्रतिस्पर्ध्यास दिली. आमच्याकडे एखाद्या घरच्या मसाल्याचें प्रमाण सुनेलाहि दहा वर्षें सांगत नाहींत!

बेल्जममधील ब्रुसेल्सच्या आसपास मात्र किण्व घालीतच नाहींत. हिंवाळ्याच्या रात्रीं गोड पाणी उथळ हौदांत उघडें निवत ठेवतात; वाऱ्यानें येईल तें येईल. मग तें वर्षानुवर्षें लांकडी पिपांत आंबत पडतें. तेथेंच हूखार्डेन गांवीं गव्हाच्या बीअरमध्यें धणे व नारिंगाची साल घालतात. ही रीत १९५७ मध्यें बंद पडली होती. पियेर सेलिस या दूधवाल्यानें १९६६ मध्यें ती पुन्हां सुरू केली. आणि नॉर्वेच्या पश्चिमेकडील शेतकरी आपलें घरचें किण्व लांकडी कड्यांच्या माळेवर वाळवून टांगून ठेवतात व बिघडल्यास शेजाऱ्याकडून मागून आणतात, हें वाचतांना आमच्या विरजणाची आठवण कोणास होणार नाहीं?

परंतु ज्या हकीकतीनें मला सर्वांत अधिक विचार करावयास लावला ती दक्षिण आफ्रिकेची. झुलू लोकांत मोड आणलेल्या ज्वारीची बीअर घरच्या स्त्रियाच करतात. मातीच्या भांड्यांतून ती प्रथम पितरांस दाखवावयाची, मग पाहुण्यांस. १९०८ मध्यें नाताळच्या गोऱ्या सरकारनें कायदा करून ती करण्या-विकण्याचा मक्ता नगरपालिकांस दिला. डर्बनमध्यें घरीं बीअर करणारी बाई गुन्हेगार ठरली, तिचा नवरा सरकारी गुत्त्यावर जाऊं लागला, आणि त्या पैशांतून त्याच लोकांवर पहारा ठेवणाऱ्या कारभाराचा खर्च भागूं लागला. जून १९५९ मध्यें केटो मॅनर वस्तींतील स्त्रिया काठ्या घेऊन गुत्त्यांत शिरल्या व पुरुषांस बाहेर हांकलून लावलें. दारूविरुद्ध स्त्रियांचा मोर्चा म्हटला कीं आपण एकच अर्थ करतों. या स्त्रियांचें भांडण पेयाशीं नव्हतें, तें त्यांच्या चुलीवरून उचलून नेणाऱ्याशीं होतें. मीं स्वतः दारूबंदीचा पक्षपाती आहें. तरीहि त्यांची बाजू मला खोडतां येत नाहीं.

युगांडाकडे हेंच काम नाचणीवर करतात: भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून. हें वाक्य मीं माजघरांत मोठ्यानें वाचलें. वहिनी त्या वेळीं पणतीसाठीं नाचणीचें सत्त्व करीत होत्या. मोड आलेली नाचणी पंचावर पसरलेली होती. त्यांनीं मला तें वाक्य पुन्हां वाचावयास लावलें. मग म्हणाल्या, "येथपर्यंत तर माझेंच काम झालें, भावोजी. पुढचें तेवढें तिचें." थोड्या वेळानें त्यांनींच विचारलें कीं, तिकडे थंडींत मोड यावयास किती दिवस लागतात? मीं म्हटलें, तिलाच विचारावें. रविवारीं दूरध्वनीवर त्या तिच्याशीं वीस मिनिटें बोलत होत्या. मोडाचें बोलणें त्यांतलें पांच मिनिटांचें असेल.