न घेतलेल्या कर्जाचा हप्ता

ओळख सांभाळताना : लेखांक सहावा

मागच्या दोन लेखांत आधार आणि पॅनच्या झेरॉक्स प्रती कुठून कुठे फिरतात ते पाहिलं. आता त्यापुढची पायरी. प्रत नको त्या हाती लागली, तुमच्या नावावर कुणीतरी कर्ज उचललं आणि पैसे घेऊन पसार झालं. हप्ता मात्र तुमच्याकडे मागितला जातोय. अशा वेळी काय करायचं, कोणत्या क्रमानं करायचं आणि काय चुकूनही करायचं नाही, हा आजचा विषय.

खिशातलं पाकीट गेलं तर तासाभरात कळतं. नावावर निघालेलं कर्ज कळायला वर्षही जातं. एक तर अनोळखी नंबरवरून वसुलीचा फोन येतो, नाहीतर घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेतले साहेब संगणकाकडे बघत सांगतात, "तुमचं सिबिल खराब आहे, जुनं कर्ज थकलंय." आयुष्यभर कुणाची उधारी न ठेवलेला माणूस हे ऐकून हबकतो. त्याला शरम वाटते, घरीसुद्धा तो बोलत नाही, आणि दिवस वाया जातात.

शरम वाटण्याचं काहीही कारण नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी जाहीरपणे सांगितलं होतं, की आपल्या पॅनवर कुणीतरी अडीच हजार रुपयांचं कर्ज काढलं आणि त्यामुळे आपला सिबिल स्कोअर घसरला. मार्च २०२३ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेल्या टोळीनं तर कुणाचा कागद चोरलाही नव्हता. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षर-अंकांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०. आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा पॅन, जसाच्या तसा. नामवंत खेळाडू आणि अभिनेत्यांचे जीएसटी क्रमांक इंटरनेटवर सापडले, जन्मतारीख तर सगळ्यांना ठाऊकच. टोळीनं नाव त्यांचं आणि फोटो स्वतःचा अशी ओळखपत्रं बनवली आणि त्यावर क्रेडिट कार्डं मिळवली. तेव्हा "तुम्हीच निष्काळजी राहिलात" असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

तुमच्या स्वतःच्या खात्यातून पैसे जात असतील तर सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा आणि बँकेला कळवा. सुरुवातीच्या काही तासांत पैसे वाटेतच गोठवले जाण्याची शक्यता असते. कर्जाच्या प्रकरणात पैसे केव्हाच गेलेले असतात. तिथली लढाई कागदावर लढायची असते.

त्या लढाईत सगळ्यात महत्त्वाचं काय, तर एक रुपयाही भरायचा नाही. वसुलीवाला गोड बोलतो. "साहेब, साडेतीन हजारांचा तर प्रश्न आहे, भरून टाका, मिटवून टाकू." रक्कम लहान असते, ऑफिसात फोन येण्याची भीती असते, आणि माणूस भरून मोकळा होतो. तो मोकळा होत नाही. पैसे भरणं म्हणजे कर्ज आपलंच होतं असं मान्य केल्यासारखं होतं, आणि तडजोड करून भरलेलं कर्ज अहवालात 'सेटल्ड' म्हणून राहतं. पुढची बँक ते वाचून कपाळाला आठ्या घालते. फोनवर वाद घालू नका. संस्थेचं नाव, कर्ज खात्याचा क्रमांक आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि "मी हे कर्ज घेतलेलं नाही, यापुढे लेखी कळवा" एवढं सांगून फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. धमकी आली तर तो फोन ध्वनिमुद्रित करून ठेवा.

मग क्रेडिट अहवाल काढा, आणि एक नव्हे, चार. आपल्याकडे सरसकट 'सिबिल' म्हणतात, पण ट्रान्सयुनियन सिबिल ही चारांपैकी एक कंपनी. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क या उरलेल्या तीन. प्रत्येकीकडून दर कॅलेंडर वर्षात एक संपूर्ण अहवाल मोफत मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी कुठल्याही अ‍ॅपला पैसे देऊ नका.

अहवाल हाती आला की लोक फक्त स्कोअर बघतात. ३०० ते ९०० मधला तो आकडा आत्ता बाजूला ठेवा. आधी पत्ते आणि मोबाइल क्रमांक वाचा. तुम्ही कधीच न राहिलेल्या गावाचा पत्ता किंवा न वापरलेला नंबर तिथं दिसला, तर चोराची खूण सापडली. मग कर्ज खात्यांची यादी, आणि शेवटी 'एन्क्वायरी'चा भाग, म्हणजे कोणकोणत्या संस्थांनी कर्ज देण्याआधी तुमचा अहवाल मागवला ती यादी. तुम्ही कधी पायरीही न चढलेल्या संस्थांची नावं तिथं ओळीनं असतील, तर चोर आणखी ठिकाणी प्रयत्न करतोय आणि पुढचं कर्ज अजून निघायचं असेल. त्या प्रत्येक संस्थेला आजच ईमेल करा.

आता मुख्य पत्र. ज्या बँकेनं किंवा वित्त कंपनीनं कर्ज दिलं, तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे ते लिहायचं. त्याचं नाव आणि ईमेल संस्थेच्या संकेतस्थळावर असतो. भाषा साधी आणि ठाम ठेवा: "माझ्या नावे दाखवलेले कर्ज खाते क्रमांक अमुक हे मी घेतलेले नाही. या कर्जासाठी मी अर्ज केलेला नाही, करारावर सही किंवा ई-सही केलेली नाही, आणि कर्जाची रक्कम माझ्या कोणत्याही खात्यात जमा झालेली नाही. चौकशी पूर्ण होईपर्यंत वसुली थांबवावी व पुढील कागद लेखी द्यावेत." त्याखाली मागा: कर्जाचा अर्ज आणि करार, केवायसीसाठी घेतलेले कागद, अर्जाच्या वेळी काढलेला सेल्फी, ओटीपी ज्या मोबाइलवर गेला तो क्रमांक, अर्ज ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता, आणि रक्कम ज्या बँक खात्यात वळती केली त्या खात्याचा तपशील.

ही शेवटची मागणी सोडू नका. माझ्या मते सगळं प्रकरण तिच्यावर फिरतं. सप्टेंबर २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम, काही ठरावीक अपवाद वगळता, थेट कर्जदाराच्याच खात्यात गेली पाहिजे. मध्येच तिसऱ्या कुणाच्या खात्यात फिरवता येत नाही. मग ती गेली कुठं? खातं दुसऱ्याच्या नावाचं निघालं, तर संस्थेनं खातेदाराचं नावच पडताळलं नाही हे तिच्याच कागदावरून सिद्ध होतं. खातं तुमच्या नावाचं निघालं आणि तुम्ही ते उघडलेलं नसेल, तर चोरी दुहेरी आहे. त्या बँकेलाही पत्र द्या आणि खातं गोठवायला सांगा, कारण उद्या त्याच खात्यातून दुसऱ्या कुणाची फसवणूक झाली की पोलिसांची नोटीस तुमच्या दारात येईल. सोबत तुमच्या खऱ्या खात्याचं त्या महिन्याचं विवरण जोडा. पैसा आलाच नाही हे त्यात दिसतं. काही संस्था नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र मागतात. तेही देऊन टाका.

ईमेलनं पाठवा, स्पीड पोस्टानंही पाठवा. शाखा गावात असेल तर स्वतः जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय उठू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात. शिक्का नसेल तर उद्या पत्र दिलंच नव्हतं म्हणायला ते मोकळे.

त्याच दिवशी चारही क्रेडिट कंपन्यांकडे, ज्या ज्या अहवालात ते खातं दिसतं तिथं, ऑनलाइन 'डिस्प्यूट' नोंदवा. या कंपन्या स्वतःहून नोंद पुसत नाहीत; त्या कर्ज देणाऱ्या संस्थेला विचारतात आणि तिच्या उत्तरावर चालतात. म्हणून आधीचं पत्र भक्कम हवं. रिझर्व्ह बँकेनं २०२३ साली एक चांगला नियम केला, तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार केल्यापासून तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. यात कर्ज देणाऱ्या संस्थेला दुरुस्त माहिती पाठवायला एकवीस दिवस मिळतात. भरपाईची रक्कम फार नाही, पण पत्रात या नियमाचा उल्लेख केला की संस्थेला तारखेचं भान ठेवावं लागतं.

पोलिसांकडे जायला लोक बिचकतात, त्यातही घरातली ज्येष्ठ मंडळी. जायलाच हवं. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करा आणि तिची छापील प्रत घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलीस ठाण्यात जा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-सी नेमकं ओळखीच्या चोरीचं आहे: तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं उत्तर मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ कडे बोट दाखवा. १ जुलै २०२४ पासून हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात 'झीरो एफआयआर' नोंदवता येतो. या वर्गातल्या गुन्ह्यात पोलिसांना आधी चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करता येते, तेवढी मुभा त्यांना आहे. त्यानंतरही नोंद होत नसेल तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, आणि तेही निष्फळ ठरलं तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य द्यावी लागते. ती मिळाली की लगेच कर्ज देणाऱ्या संस्थेला आणि क्रेडिट कंपन्यांना पाठवा. नुसत्या तक्रार अर्जाला कानाडोळा करणारे एफआयआर पाहिल्यावर फाईल उघडतात.

तीस दिवसांत संस्थेचं उत्तर आलं नाही, किंवा "आमच्या नोंदीनुसार कर्ज तुमचंच आहे" असं छापील उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ पासून सुरू आहे आणि सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही तिच्या कक्षेत आल्या. तक्रार ऑनलाइन होते, टपालानं चंडीगडच्या केंद्राकडेही पाठवता येते. फी नाही, वकील लागत नाही. मदतीचा क्रमांक १४४४८.

मधल्या काळात बाकीची दारं बंद करून घ्या. 'संचार साथी' या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते दिसतं; आपलं नसेल त्यापुढं 'माझा नंबर नाही' असं नोंदवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि गेल्या सहा महिन्यांत आधार कुठं कुठं वापरलं गेलं ती यादी बघा. आयकराच्या संकेतस्थळावरचं वार्षिक माहिती विवरण उघडा. न केलेली नोकरी किंवा न केलेला व्यवहार त्यात दिसू शकतो. जीएसटी पोर्टलवर स्वतःचा पॅन टाकून शोधा, तुमच्या नावानं कुणी दुकान थाटलं आहे का ते कळेल. परदेशी स्थायिक झालेल्या मुलामुलींचा पॅनही इथं चालूच असतो, त्यांनाही हे करायला सांगा. नवा पॅन काढण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. दोन पॅन बाळगण्याला दंड आहे.

एक गोष्ट आपल्याकडे अजून नाही आणि ती असायला हवी. अमेरिकेत २०१८ पासून नागरिकाला आपला क्रेडिट अहवाल मोफत गोठवता येतो. तो स्वतः उघडेपर्यंत त्याच्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. आपल्या संसदेनं असा हक्क नागरिकाला द्यावा. कर्ज काही मिनिटांत द्यायची सोय संस्थांना आहे, मग ते थांबवायची सोय ज्याचं नाव वापरलं जातं त्याला का नसावी?

प्रकरण मिटत आलं की संस्था एक पत्र देऊ करते. ते नीट वाचा. 'येणे बाकी नाही' असं लिहिलेलं पत्र पुरेसं नाही; त्याचा अर्थ तुम्ही कर्ज घेतलं होतं आणि फेडलं असाही होतो. पत्रात स्पष्ट असायला हवं, की हे कर्ज फसवणुकीनं काढलेलं होतं, त्याची कोणतीही जबाबदारी तुमच्यावर नाही आणि चारही कंपन्यांकडची नोंद काढून टाकण्यात येत आहे. महिन्याभरानं अहवाल पुन्हा काढून खात्री करा. आणि ती फाईल रद्दीत घालू नका. थकलेली कर्जं संस्था एकगठ्ठा दुसऱ्या कंपन्यांना विकतात, आणि चार वर्षांनी नव्याच माणसाचा वसुलीसाठी फोन येऊ शकतो. त्या दिवशी हे पत्र हाताशी लागेल.

पुढच्या आठवड्यात : घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या पॅन, आधार आणि मोबाइल क्रमांकाचं काय करायचं.