पित्ताची डोकेदुखी की मायग्रेन?

डोक्याची एक बाजू ठणकू लागली, मळमळले आणि उलटी झाल्यावर हलके वाटले, की महाराष्ट्रातील कित्येक घरांत त्याचे खापर पित्तावर फुटते. वास्तविक ही मळमळ आणि उलटी मायग्रेन म्हणजेच अर्धशिशी या मेंदूच्या विकाराचीच लक्षणे असू शकतात. उपचार न केल्यास 4 ते 72 तास टिकणारे असे किमान पाच झटके येऊन गेले असतील, वेदना एका बाजूची, ठणकणारी, मध्यम ते तीव्र किंवा जिना चढण्यासारख्या हालचालीने वाढणारी यांपैकी निदान दोन प्रकारची असेल, आणि सोबत मळमळ तरी होत असेल किंवा उजेड व आवाज दोन्ही नकोसे होत असतील, तर आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, दुसरे कारण नसल्याची खात्री करून मायग्रेनचे निदान करता येते.

काही रुग्णांना वेदनेआधी नजरेसमोर चमचमत्या नागमोडी रेषा दिसतात. या अवस्थेला ‘ऑरा’ म्हणतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी स्वतःच्या ऑराची रेखाटने करून, मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून मिनिटाला सुमारे 3 मिलिमीटर वेगाने काहीतरी सरकत असावे, असा हिशेब 1941 मध्ये मांडला. 1944 मध्ये ब्राझीलचे आरिस्तिदेस लेआओ यांनी सशाच्या मेंदूवर साधारण त्याच वेगाने पसरणारी आणि मागे चेतापेशींना काही काळ निष्क्रिय करणारी लाट नोंदवली.

झटक्याला चिथावणी देणारी कारणे ओळखणे मात्र वाटते तितके सरळ नाही. उपवास, अपुरी झोप, मासिक पाळीच्या सुमारास इस्ट्रोजेन या संप्रेरकाची घसरण, ही कारणे बहुधा खरी ठरतात. परंतु वेदनेच्या काही तास ते दोन दिवस आधी सुरू होणाऱ्या पूर्वावस्थेत जांभया येतात, मान आखडते, गोड खावेसे वाटते, आणि मग ज्या चॉकलेटला दोष दिला जातो ते खाण्याची इच्छाच कदाचित झटक्याचे पहिले लक्षण असते. म्हणूनच झोप, आहार, पाळी, गोळ्या आणि वेदनेची वेळ यांची रोजची नोंद स्मरणशक्तीपेक्षा भरवशाची.

मायग्रेन सिद्ध करणारी रक्ततपासणी नाही, आणि एमआरआय मुख्यतः इतर आजार वगळण्यासाठी असतो. निदान रुग्णाच्या हकिकतीवरच उभे राहते. दुकानातून परस्पर घेतलेल्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्यास त्यांच्यामुळेच डोके दुखू लागू शकते. अचानक क्षणार्धात शिगेला पोहोचणारी वेदना, ताप व ताठ मान, हातापायातील नवी कमजोरी, यांपैकी काहीही दिसल्यास नोंदवहीत वेळ न दवडता तातडीने रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांकडून लवकर तपासून घ्यावी.