नॉर्दर्न युनियनच्या करंडकाचें पहिलें वर्ष (इ. स. १८९६-९७)

शुहूर सनाचा कागद फसली समजून वाचला तर कागद खोटा ठरत नाहीं. वाचणाराचीं नऊ वर्षें मात्र चुकतात. खेळांच्या इतिहासांतील आंकड्यांचेंहि असेंच आहे. इंग्लंडांत 'रग्बी लीग' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या खेळाच्या मुख्य करंडकाचा, म्हणजे 'चॅलेंज कप'चा, पहिला अंतिम सामना शनिवार ता. २४ एप्रिल १८९७ रोजीं लीड्स येथील हेडिंग्ली मैदानावर झाला. त्यांत बॅटली संघानें सेंट हेलेन्स संघावर १० विरुद्ध ३ गुणांनीं जय मिळविला. ही नोंद निर्विवाद आहे. परंतु तिला एका नव्या खेळाचें जन्मपत्र मानण्याचा जो प्रघात पडला आहे, तो आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. त्या दिवशीं मैदानावर जो खेळ झाला तो बहुतांशीं जुनाच होता. नवें होतें तें हिशेबाच्या वहींत.

यासाठीं चार वर्षें मागें जाणें अवश्य आहे. रग्बी फुटबॉलचें नियमन करणारी 'रग्बी फुटबॉल युनियन' ही संस्था इ. स. १८७१ मध्यें लंडन येथें स्थापन झाली. खेळाबद्दल कोणीं द्रव्य घेऊं नये, हा तिचा दंडक. ज्यांस पोटाची विवंचना नव्हती त्यांस हा दंडक सहज पाळतां येई. परंतु यॉर्कशर व लॅंकेशर या उत्तरेकडील परगण्यांत हा खेळ गिरण्यांत व कोळशाच्या खाणींत राबणाऱ्या लोकांनीं आपलासा केला होता. शनिवारीं अर्धा दिवस काम असे. दूरच्या गांवीं सामन्यास जावयाचें तर तेवढी मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, एवढीच मागणी यॉर्कशरकरांनीं सप्टेंबर १८९३ मध्यें लंडनच्या सभेंत मांडिली. ती १३६ विरुद्ध २८२ मतांनीं फेटाळली गेली. पुढें ता. २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील संघांचे प्रतिनिधि जमले व त्यांनीं 'नॉर्दर्न रग्बी फुटबॉल युनियन' स्थापिली. पहिल्या हंगामांत तींत २२ संघ होते. भरपाईची मर्यादा दिवसास ६ शिलिंग ठरली. ही भरपाई म्हणजे वेतन नव्हे, हें ध्यानांत घ्यावयास पाहिजे. उघड वेतनास नव्या संस्थेनेंहि इ. स. १८९८ पर्यंत मान्यता दिली नाहीं. दिली तेव्हांहि गड्यानें दुसरा कांहीं खरा उद्योग करीत असलें पाहिजे, ही अट ठेविलीच.

पहिल्या हंगामांत केवळ साखळी सामने झाले. त्यांत मॅनिंगहॅम संघ पहिला आला. दुसऱ्या हंगामीं साखळी मोडून यॉर्कशर व लॅंकेशर अशा दोन निरनिराळ्या साखळ्या केल्या गेल्या. त्यामुळें दोन्ही परगण्यांचे संघ एकमेकांस भिडावयाचे तर बाद पद्धतीचा हा नवा करंडक हेंच मुख्य ठिकाण उरलें. अशा सामन्यांची गोडी लोकांस पूर्वींच लागलेली होती. यॉर्कशरचा स्वतःचा करंडक इ. स. १८७७ पासून चालू होता व लोक त्यास लाडानें 'जुनें टिनपाट' म्हणत. नव्या करंडकासाठीं पन्नासांहून अधिक संघांनीं नांवें दिलीं. उपान्त्य फेरींत बॅटलीनें वॉरिंग्टनचा व सेंट हेलेन्सनें स्विंटनचा पाडाव केला.

बॅटली हें यॉर्कशरमधील लोकरीचें गांव. जुन्या लोकरी चिंध्या पिंजून त्यांचें पुन्हा कापड करण्याचा 'शॉडी' नामक धंदा तेथेंच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. चिंध्यांचें मोल संग्राहकांस निराळें सांगावयास नको! सेंट हेलेन्स हें लॅंकेशरमधील कांचेचें व कोळशाचें गांव. त्यांचे गडी मैदानावर उतरले तेव्हां सर्वांच्या अंगावर एकाच नमुन्याचे सदरेहि नव्हते, असें सांगतात.

आतां गुणांकडे वळूं. बॅटलीच्या जो ओकलंड यानें आरंभीं एक ड्रॉप गोल केला, म्हणजे चेंडू हातांतून सोडून, भूमीवर उसळतांच लाथेनें दोन खांबांमधून आडव्या दांडीवरून धाडिला. नंतर कप्तान जॉन गुडॉल यानें प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून 'ट्राय' मिळविली. मध्यंतरास ७ विरुद्ध ० अशी स्थिति होती. उत्तरार्धांत सेंट हेलेन्सच्या ट्रेनर यानें एक ट्राय केली व बॅटलीच्या मन्स यानें आणखी एक करून निकाल पक्का केला. ट्रायचे ३ गुण धरिले तर दोहोंचे ६ होतात. १० पैकीं बाकी राहिले ४, व ते एका ड्रॉप गोलचे.

हे चार गुण हाच आमच्या मतें मुख्य पुरावा होय. ट्रायला ३ व ड्रॉप गोलला ४ हें प्रमाण नव्या संस्थेनें निर्मिलेलें नाहीं. तें लंडनच्या जुन्या युनियनचें आहे व तेथें तें इ. स. १९४८ पर्यंत चाललें. अर्थात् हाच सामना त्याच दिवशीं जुन्या युनियनच्या मैदानावर होता तरी फलक १०-३ असाच दिसता. प्रत्येक बाजूस गडीहि जुन्याप्रमाणें पंधराच होते. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यास दोन रांगा करून तो आंत फेंकण्याची चालहि अद्याप कायम होती. किरकोळ फेरफार सोडले तर दोन्ही संस्थांचा खेळ एकच होता.

भेद पडूं लागला तो त्यानंतर. इ. स. १८९७-९८ च्या हंगामापासून नॉर्दर्न युनियननें त्या दोन रांगा काढून टाकल्या व सर्व प्रकारच्या गोलांस सरसकट २ गुण ठरविले. त्या मानानें हेडिंग्लीचा सामना ८-३ झाला असता. तेरा गड्यांचा संघ व पकडल्या गेलेल्या गड्यानें पायानें चेंडू पुन्हा खेळांत आणण्याची रीत हीं इ. स. १९०६ मध्यें आलीं. इंग्लंडांत 'रग्बी फुटबॉल लीग' हें नांव तर इ. स. १९२२ चें. म्हणून १८९७ च्या सामन्यास 'रग्बी लीग'चा सामना म्हणणें सोयीचें असलें तरी कालविपर्यासाचें आहे. बखरकार मागल्या पुरुषास पुढें मिळालेली पदवी आधींच लावून देतात, त्यांतलाच हा प्रकार.

मग फाटाफूट कशावरून झाली, याचें उत्तर त्याच दिवसाच्या जमेंत सांपडतें. प्रेक्षक १३,४९२ व जमा ६२४ पौंड १७ शिलिंग ७ पेन्स. (आपल्याकडे १२ पैंचा आणा, तसा तेथें १२ पेन्सांचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड.) दरडोई सरासरी सुमारें ११ पेन्स पडते. आतां दोन्ही बाजूंचे मिळून ३० गडी. प्रत्येकास मर्यादेपुरते पुरे ६ शिलिंग दिले असें धरिलें, तरी एकूण रक्कम ९ पौंड होते. त्या दिवशीं प्रत्यक्ष काय दिलें गेलें हा प्रश्न येथें नाहीं. ६ शिलिंग ही वरची मर्यादा होती. परंतु ६२४ पौंडांच्या जमेसमोर ९ पौंड ही रक्कम ठेवून पाहिली म्हणजे १८९३ च्या सभेंत कशास नकार मिळाला होता तें कळतें. ज्यांच्या खेळावर ही जमा उभी राहिली त्यांनीं त्यांतून आपल्या बुडालेल्या अर्ध्या दिवसाची मजुरीहि घेऊं नये, असा तो नकार होता. तत्त्वाचा प्रश्न म्हणून त्याचें समर्थन करणारे पुष्कळ झाले. आमचें मत आंकड्यांच्या बाजूचें आहे.

खुद्द करंडक चांदीचा असून ब्रॅडफर्ड येथील फॅटोरिनी यांच्या पेढीनें तो ६० पौंडांस करून दिला. म्हणजे पहिल्या अंतिम सामन्याच्या जमेंतच त्याची किंमत दहापट वसूल झाली. बॅटलीनें तो पुढल्या वर्षीं ब्रॅडफर्डचा व इ. स. १९०१ मध्यें वॉरिंग्टनचा पराभव करून पुन्हा नेला. त्यानंतर त्या गांवास तो आजवर मिळालेला नाहीं. सेंट हेलेन्सला तो प्रथम मिळाला इ. स. १९५६ मध्यें. शंभरांहून अधिक वर्षांच्या हाताळणीनें चांदी झिजून पातळ झाली व वरचें कोरीव काम पुसट होऊं लागलें, म्हणून इ. स. २००२ पासून शेफील्डच्या कारागिरानें केलेली हुबेहूब प्रतिकृति विजेत्यांस देतात. मूळ करंडक शेवटचा दिला गेला तो इ. स. २००१ मध्यें, सेंट हेलेन्स संघास. वेंब्लीचें मैदान त्या वेळीं बंद असल्यामुळें तो सामना ट्विकनहॅम येथें, म्हणजे जुन्या रग्बी युनियनच्या स्वतःच्या मैदानावर झाला. त्या पक्षानें गड्यांस पैसे देण्याची बंदी ऑगस्ट १८९५ च्या फाटाफुटीस बरोबर शंभर वर्षें होतांना, ऑगस्ट १९९५ मध्यें उठविली होती.