कानसकामातील पकडसाधन : वक्र जॉब धरण्याचे तंत्र

प्रास्ताविक

लालबाग-परळच्या कापडगिरण्या आणि परळचा रेल्वे कारखाना यांच्या देखभालीत फिटरच्या हातकामाला मोठे स्थान होते. या हातकामाचा विचार करताना लक्ष बहुधा कानशीकडे जाते. जॉब कसा धरला आहे, हा प्रश्न दुय्यम मानला जातो. वस्तुतः घासलेल्या पृष्ठभागाची अचूकता प्रथम पकडीवर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात एका वक्र जॉबच्या आधारे या मुद्द्याचे विवेचन केले आहे.

समस्येचे स्वरूप

बंदुकीच्या चापाभोवतीचे संरक्षक कडे, म्हणजे ट्रिगर गार्ड, हे अशा जॉबचे नमुनेदार उदाहरण होय. अरुंद पट्टीची कमान आणि दोन्ही टोकांना स्क्रूची भोके असलेले पाय, अशी त्याची सर्वसाधारण घडण असते. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचे सुटे भागही बंदुकीच्या व्याख्येत येतात आणि त्यांच्या निर्मितीस परवाना लागतो. त्यामुळे महाविद्यालयीन कर्मशाळेत त्याच घडणीची दाराची पितळी मूठ घेणे उचित ठरते.

अशी कमान थेट शेगड्यात आवळली तर ती दाबली जाते. त्या स्थितीत घासलेला भाग सरळ दिसतो. पण शेगडा सैल करताच कमान मूळ आकाराकडे परतते आणि पृष्ठभाग वाकडा होतो. कमी आवळली तर ती कानशीखाली थरथरते व पृष्ठभागावर लाटा उमटतात.

पकडसाधनाची रचना

जिग हत्याराला मार्ग दाखवते. फिक्श्चर, म्हणजे पकडसाधन, जॉबला केवळ स्थिर ठेवते. येथे सागवानाचा ठोकळा पुरेसा होतो. त्याचा वरचा भाग कमानीच्या पोकळीत बसेल असा घडवावा आणि पायांसाठी दोन्ही बाजूंस सपाट बैठक ठेवावी. खालची पट्टी शेगड्यात जाईल व वरची पायरी जबड्यांवर टेकेल, अशी योजना करावी. म्हणजे दाबाखाली ठोकळा खाली सरकत नाही.

मूठ दारावर ज्या भोकांनी बसणार, त्याच भोकांनी ती ठोकळ्यावर बसवावी. एका भोकातील स्क्रू नेमका बसावा. दुसऱ्या स्क्रूसाठी ठोकळ्यात लांबट खाच असावी. हाताने केलेल्या जॉबमध्ये दोन भोकांचे अंतर थोडे बदलते. दोन्ही जागा पक्क्या ठेवल्यास जॉब ताणला जातो. ठोकळ्याने कमानीला आधार द्यावा, तिला वर उचलू नये. फट राहिल्यास चामड्याचा पातळ तुकडा पुरतो. स्क्रूची डोकी पृष्ठभागाखाली असावीत. आतील बाजू घासण्यासाठी मात्र बाहेरून आधार देणारे दुसरे साधन लागते.

कानस पुढे जाताना कापते. म्हणून मुख्य आधार पुढच्या दिशेस हवा. जॉब हलत असेल तर अधिक आवळण्याऐवजी कोणत्या दिशेला आधार कमी आहे ते शोधावे. मुंबईच्या पावसाळी दमटपणात लाकूड फुगते. वारंवार लागणारे साधन ॲल्युमिनियम किंवा मृदू पोलादाचे करणे श्रेयस्कर.

शैक्षणिक महत्त्व

१८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झालेली व १९२३ मध्ये माटुंग्यास स्थलांतरित झालेली व्हीजेटीआय ही संस्था या औद्योगिक परिसराच्या गरजांतून वाढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या क्रमाने बंद पडत गेल्या आणि कुशल कामगार विखुरले. तयार यंत्रभाग निदान वस्तुरूपाने उरतो. तो घडवण्यासाठी केलेली पकड मात्र आरेखन नसेल तर करणाऱ्याबरोबरच लोप पावते.

समारोप

पकडसाधन म्हणजे कुशल हाताने घेतलेला निर्णय वस्तूत साठवणे होय. असे साधन हाती असल्यास नवशिक्यालाही तोच जॉब पुन्हा त्याच स्थितीत धरता येतो. म्हणून प्रात्यक्षिकात तयार जॉबइतकेच महत्त्व पकडसाधनाच्या आरेखनास व त्यामागील कारणमीमांसेस द्यावे, आणि ती आरेखने कर्मशाळेत जतन करावीत.