पितळेची पकड

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेला पावसाळ्यात एक कोडं पडत असे. पावसापुरती तबेल्यात रचून ठेवलेली काडतुसं उघडीप झाल्यावर बाहेर काढावीत, तर पितळी नळ्यांना चिरा गेलेल्या. त्यांना ना कुणी आपटलेलं, ना ती कुणी झाडलेली. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी याचं कारण उलगडलं. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेला झोंबत होता खरा, पण एकट्या अमोनियाने पितळ फाटत नाही. थंडच ओढून आणि आवळून घडवलेल्या त्या धातूत ताण मुरलेला होता. अमोनियाने त्याला वाट करून दिली.

रायफलीची काडतुसं स्वतः भरणारे नेमबाज आज या ताणाचाच हिशोब मांडत बसतात. हा छंद मुख्यतः अमेरिका-युरोपातला. आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो.

काडतुसाच्या मानेत, म्हणजे नळीच्या अरुंद तोंडात, गोळी बसते ती बहुधा निव्वळ पकडीवर. ‘.३०८ विंचेस्टर’ या काडतुसाची गोळी ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर जाड. मान आतून त्याहून एक ते तीन हजारांश इंच लहान ठेवतात. दोन हजारांश इंच म्हणजे ०.०५ मिलिमीटर, जेमतेम एका केसाएवढा फरक. गोळी आत दाबली की मान तेवढी फाकते आणि मिटायला बघते. तिची ही ओढ म्हणजेच पकड. दारू पेटल्यावर गोळी मानेतून कधी सुटते, हे काही अंशी या पकडीवर ठरतं. एका काडतुसाची पकड घट्ट आणि दुसऱ्याची सैल असेल, तर वेगात फरक पडतो. शंभर यार्डांवर तो जाणवणारही नाही. हजार यार्डांवर गोळ्या खाली-वर लागतात. म्हणून पकड किती, यापेक्षा ती सगळ्यांची सारखी आहे का, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

मान आणखी लहान केली की पकड वाढणार, असं वाटणं साहजिक आहे. पण एका मर्यादेपलीकडे पितळ हार मानतं. गोळी स्वतःच मान रुंदावते आणि पकड फारशी वाढत नाही. म्हणजे कॅलिपरवरचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली पितळेच्या कडकपणात असते.

हे पुण्याच्या तांबट आळीतल्या कारागिराला समजावून सांगावं लागणार नाही. मठारताना तांबं ठोक्यागणिक कडक होतं. भट्टीत तापवलं की पुन्हा नरम पडतं. काडतुसाच्या पितळेत सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, त्याचीही तीच रीत. प्रत्येक बारात मान फुगते, मग तीच नळी पुन्हा भरण्याआधी डाय नावाच्या साच्यात आवळली जाते. चार-पाच वेळा हे झालं की ती कडक होते आणि डायमधून निघाल्यावर जास्त उसळून मोकळी होते. डाय तीच, पण माप निराळं. म्हणून काही भरणारे दर फेरीला मान तापवून नरम करतात. मात्र फक्त मान आणि खांदा. बूड नरम पडलं तर घात होतो. .३०८ मध्ये दाब चौरस इंचाला साठ हजार पौंडांच्या घरात जातो, आणि तो बुडाच्या कडकपणावर तोलायचा असतो.

या तापवण्याची खूण अनेक लष्करी काडतुसांवर उघड दिसते: मानेभोवती निळसर-जांभळी झाक. बाजारातल्या काडतुसांवरून ती बहुधा घासून काढलेली असते.

मानेची जाडीही सगळीकडे सारखी नसते. चोखंदळ नेमबाज ती बाहेरून तासून घेतात, मग नेमक्या मापाचा गुळगुळीत पोलादी दांडा आतून फिरवतात, म्हणजे जाडीतला उरलासुरला फरक आत न राहता बाहेर जातो. शेवटी गोळी बसवायची. गोळी दाबणाऱ्या प्रेसची मूठ हळू खाली येते आणि तळहाताला पितळेचा विरोध लागतो, एकसारखा, न अडखळता. दहापैकी एखादं काडतूस मऊ लागतं, गोळी सुळकन आत जाते. ते त्याच खोक्यात परत जात नाही. सरावासाठी बाजूला पडतं.