ज्येष्ठमध व जठरव्रण
ज्येष्ठमध (सं. यष्टिमधु, लॅ. ग्लिसिऱ्हायझा ग्लॅब्रा) या वनस्पतीचे गोड मूळ आयुर्वेदात व यूरोपीय वैद्यकात पूर्वापार वापरात आहे. नेदर्लंड्समधील वैद्य एफ. ई. रेव्हर्स यांनी १९४६ मध्ये त्याच्या अर्काने जठरव्रण भरून येत असल्याचे नमूद केले; मात्र काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. मुळातील ग्लिसिऱ्हायझिनामुळे शरीरात सोडियम व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि रक्तदाब वाढतो. या द्रव्यापासून तयार केलेले कार्बेनॉक्सोलोन ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल व सहकारी यांच्या १९६२ च्या नियंत्रित चाचणीत गुणकारी ठरले. परंतु वरील दोष त्यातही राहिले. ग्लिसिऱ्हायझीन काढलेल्या अर्काने सूज टळली, पण त्याचा गुण चाचण्यांत निर्विवाद सिद्ध झाला नाही. पुढे अम्लस्राव रोखणारी औषधे आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूवरील प्रतिजैविके आल्यावर कार्बेनॉक्सोलोन मागे पडले.